तिच्या हातातला उपचार

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, म्हणून तालुक्याच्या गावाहून जळगावला किंवा धुळ्याला वंध्यत्व केंद्रात येणाऱ्या जोडप्याची फाइल जाड असते. थायरॉइड, साखर, वीर्यतपासणी, सोनोग्राफी, सगळे कागद तिच्यात असतात. शरीरसंबंध होतात का, हा प्रश्न मात्र पुष्कळदा कुणी विचारलेलाच नसतो, आणि विचारल्याशिवाय जोडपं तो विषय काढत नाही. यातल्या काही जोडप्यांत संबंध एकदाही पूर्ण झालेला नसतो. प्रयत्न केला की बाईच्या मांड्या आपोआप जुळतात, कंबर मागे सरकते, योनीच्या तोंडाशी आग होते आणि पुढे वाटच नाही असं दोघांनाही वाटतं. वैद्यकात याला व्हजायनिस्मस म्हणतात, मराठी परिभाषेत योनिआकर्ष. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात आणि लघवीची, शौचाची व योनीची अशा तिन्ही वाटा त्यांतून जातात. दुखेल या धास्तीने हे स्नायू आवळतात, आवळल्यामुळे खरोखरच दुखतं, आणि त्या दुखण्याने पुढच्या वेळची धास्ती वाढते. हे बाई ठरवून करत नाही. काहींना हा त्रास पहिल्यापासून असतो. काहींना आधी सगळं सुरळीत असताना बाळंतपणाच्या टाक्यांनंतर, वारंवारच्या जंतुसंसर्गानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात तो सुरू होतो.

या त्रासावर उपचार आहे आणि तो बहुतेकींना लागू पडतो. पण त्याची एक अट आहे: प्रत्येक पायरीवर पुढे जायचं की थांबायचं, हे बाईनेच ठरवायचं. ही अट सौजन्याची नाही, उपचाराचा गाभाच ती आहे. धास्तीने आवळणारा स्नायू दुसऱ्याने जोर लावल्यावर आणखी आवळतो. आपल्या हातात सूत्रं आहेत, असा अनुभव शरीराला पुन्हा पुन्हा आला तरच तो सैल व्हायला शिकतो. वैद्यकाला हे उमगायला फार वेळ लागला. या विकाराला आजचं नाव देणारे अमेरिकन शल्यविशारद मॅरियन सिम्स यांनी १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला उपाय सांगितला तो शस्त्रक्रियेचा. योनिपटल काढायचं, तोंडाशी छेद द्यायचा आणि मग काचेची नळी बसवायची. इतका सोपा आणि खात्रीचा इलाज दुसऱ्या कुठल्या दुखण्यावर नाही, असं त्यांना वाटत होतं. त्या विचाराची छाया आजही पुसलेली नाही. ‘भूल देऊन रस्ता मोठा करू’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. भुलीत स्नायू सैल पडतात हे खरं, पण भूल उतरल्यावर धास्ती जागेवरच असते. योनीतला जन्मजात आडपडदा किंवा फार जाड योनिपटल असेल तर शस्त्रक्रिया योग्यच ठरते. मात्र असं क्वचित आढळतं आणि ते आधी तपासून सिद्ध व्हायला हवं.

नीट चाललेली पहिली भेट कशी असते, हे पाहिलं की फरक कळतो. बाईशी आधी एकांतात बोललं जातं. सासू बाहेर, नवराही थोडा वेळ बाहेर. दुखतं ते तोंडाशी की आत, आग होते की कळ येते, खाज किंवा पांढरं जातं का, पूर्वी कुणी जबरदस्ती केली होती का, पहिल्या रात्रीबद्दल मैत्रिणींनी काय सांगून ठेवलं होतं, हे सगळं विचारलं जातं. मग नवऱ्याशी वेगळं बोलणं होतं, कारण वारंवारच्या अपयशाने त्याच्याही ताठरतेवर परिणाम झालेला असतो आणि तोही ते लपवत असतो. तपासणी त्याच दिवशी झालीच पाहिजे असं नाही. होते तेव्हा बाईच्या हातात आरसा असतो. डॉक्टर आधी नुसतं पाहतात, मग ओल्या कापसाच्या बोळ्याने बाहेरच्या भागाला ठिकठिकाणी हलकेच स्पर्श करतात. ती ‘थांबा’ म्हणाली की हात मागे घेतला जातो. एकाच जागी बोळा लागताच तीव्र आग झाली, तर तिथल्या त्वचेचं आणि मज्जातंतूंचं दुखणं वेगळं शोधावं लागतं. योनीत उपकरण घालण्याची घाई या टप्प्यावर नको. योनीमार्गे सोनोग्राफी सहन होत नसेल तर मूत्राशय भरून पोटावरून ती करता येते, आणि तसं मागण्याचा बाईला पूर्ण अधिकार आहे.

पुढचं काम घरी होतं. पहिली सूचना ऐकून अनेक जोडप्यांना सुटकेचा श्वास घेता येतो: संबंधाचा प्रयत्न सध्या पूर्ण बंद. जवळीक, स्पर्श चालू राहू द्या, पण त्याचा शेवट प्रवेशात व्हायचा नाही हे दोघांना ठाऊक असू द्या. मग फिजिओथेरपिस्ट श्वास शिकवतात. श्वास घेताना पोट फुगतं आणि ओटीपोटाचा तळ किंचित खाली उतरतो, ते उतरणं ओळखायचं. लघवी सोडताना जी ढिलाई येते तीच इथे हवी. सरसकट सांगितले जाणारे आवळण्याचे व्यायाम इथे चुकीचे ठरू शकतात. आधी सोडायला शिकायचं असतं. त्यानंतर नखं कापलेलं स्वतःचं बोट, भरपूर वंगण लावून, किंवा वाढत्या जाडीचे सिलिकॉनचे डायलेटर. त्यांतला पहिला करंगळीएवढा असतो. रोज किंवा एक दिवसाआड दहा-पंधरा मिनिटं. एक माप निवांतपणे, न दुखता जमेपर्यंत पुढचं घ्यायचं नाही. ठेवून श्वास घ्यायचा, हलवून पाहायचं, काढायचं, तेही आपल्याच हाताने. पुढे नवऱ्याचा हात, तोही तिने धरलेला. शेवटी प्रत्यक्ष संबंध, तेव्हाही वेग आणि खोली तिच्या ताब्यात. काही आठवडे ते काही महिने लागतात. खानदेशातल्या भरल्या घरात यासाठी कडी लागणारी खोली आणि पंधरा मिनिटं मिळणं हीच कधी मोठी अडचण असते, त्यात उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायला जातं. म्हणून वेळ आणि जागा नवऱ्याने मिळवून द्यायची, हेही उपचारातच धरायला हवं.

पुरावा किती? मोनिक तेर कौले आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये केलेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. सुरुवातीपासून त्रास असलेल्या ७० बायकांपैकी ३५ जणींना चिकित्सकाच्या मार्गदर्शनाखाली, पण स्वतःच्याच हाताने, अशा सरावाची आठवड्याभरात जास्तीत जास्त तीन दोन-दोन तासांची सत्रं दिली. त्यांतल्या ३१ जणींना संबंध जमला. थांबवून ठेवलेल्या ३५ जणींत फक्त चौघींना. यावर दोन आक्षेप योग्य आहेत. एक, तुलना नुसत्या प्रतीक्षेशी आहे, दुसऱ्या उपचाराशी नाही. २०१२च्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यातही या क्षेत्रातले प्रयोग थोडे आणि लहान असल्याचंच दिसलं होतं. दोन, तिथल्या बाईला मिळणारी मोकळीक इथल्या सुनेला नाही. दोन्ही मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही. या उपायाने इजा होत नाही, खर्च थोडा येतो आणि तो थांबवणं केव्हाही बाईच्या हातात असतं. ज्यांची हानी परत भरून येत नाही अशा छेदांच्या आधी तो करून पाहणं हाच शहाणपणा. बोटॉक्सची इंजेक्शनं काही हट्टी प्रकारांत मदत करतात, पण त्यांच्यानंतरही डायलेटरचा सराव करावाच लागतो.

‘मूल हवंय ना, मग सरळ आययूआय करू’, म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडू, हा सगळ्यांत मोहक आडरस्ता. मूल राहू शकतं, आणि जोडप्याने समजून-उमजून तो पर्याय निवडला तर त्यात गैर काहीच नाही. पण मूळ त्रास न सांगता, न विचारता तो दिला गेला, तर बाईला पुन्हा तेच घडतं: दुसऱ्याच्या हातातलं उपकरण, दुसऱ्याने ठरवलेली वेळ. ‘हे सगळे नखरे आहेत, माहेरी कुणीतरी असेल’ हा आरोप तर त्याहून क्रूर आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२मध्ये जोडीदाराच्या असमर्थतेमुळे संबंध न घडल्यास विवाह रद्द करता येतो आणि काही घरं उपचाराआधी वकील गाठतात. दिग्विजय सिंह विरुद्ध प्रताप कुमारी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या कायद्यानुसार म्हटलं होतं की ही असमर्थता लग्नाच्या वेळी असायला हवी आणि दावा दाखल होईपर्यंत टिकलेली असायला हवी; कायद्यातली ही अट १९७६च्या दुरुस्तीने गेली. तरीही जी स्थिती काही महिन्यांत पालटू शकते, तिच्यावर घाईने असमर्थतेचा शिक्का मारणं अन्यायाचं आहे.

‘यासाठी मुंबई-पुण्यालाच जावं लागेल’ हे अर्धंच खरं आहे. अनुभवी लैंगिक समुपदेशक तिकडे अधिक आहेत, हे नाकारता येत नाही. पण लागणारी माणसं इथेही आहेत. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे स्त्रीरोग आणि मनोविकार असे विभाग आहेत. जळगावात फिजिओथेरपीचं शिक्षणही मिळतं. स्त्रीरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट या तिघांनी एकमेकांकडे चिठ्ठी देऊन बाई पाठवायची, एवढंच जुळवायचं आहे, आणि ते जुळवावं अशी या महाविद्यालयांना विनंती. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून असे विषय मराठीत उघड मांडले, त्याला आता जवळपास शतक होईल. हे वाचणाऱ्या बाईला बोलताना शब्द सुचत नसतील, तर ‘संबंध होत नाही, स्नायू आवळतात, आत तपासणी करण्याआधी मला विचारा’ हे कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावं. त्यावर कुणी हसलं किंवा थेट टेबलावर चढायला सांगितलं, तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जावं. घरी जबरदस्ती होत असेल किंवा मन फार खचलं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.