दाबाखालचा दगड आणि त्याचे चुंबकत्व

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपाने किल्लारी-सास्तूरचा पट्टा उद्ध्वस्त झाला. हादरा बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतही जाणवला. पुढे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला 617 मीटर खोल विंधनछिद्र घेतले. वरचे 338 मीटर दख्खनचा काळा बसाल्ट निघाला, तळाशी ग्रॅनाइट. भालकी, बसवकल्याण, आळंदकडे विहीर खणताना लागतो तो हाच काळा दगड. त्यात लोह-टायटॅनियमच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात, म्हणून तो चुंबकीय. असा दगड दाबाखाली आला की त्याच्या चुंबकत्वाचे काय होते, हा प्रश्न आमच्या सीमाभागाचा आहे. त्याच्या उत्तराची वाट मात्र लोखंडापासून निघते.

1842 मध्ये जेम्स जूल यांना दिसले की चुंबकित केलेल्या लोखंडाची लांबी किंचित बदलते. 1865 मध्ये एमिलिओ व्हिलारी यांनी उलटी बाजू दाखवली: ओढ दिलेल्या लोखंडाचे चुंबकत्व सौम्य क्षेत्रात वाढते, तीव्र क्षेत्रात घटते. 1880 च्या दशकात जेम्स युइंग यांनी हिस्टेरेसिसची मांडणी केली. क्षेत्र शून्यावर आणले तरी चुंबकत्व उरते. ते घालवायला उलटे क्षेत्र लावावे लागते, आणि आलेखावर बंद लूप उमटतो.

दख्खनच्या दगडाचा लूप मुंबईत उमटला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी खनिजे व खडकांसाठी प्रत्यावर्ती विद्युतचुंबकावर चालणारे लूप-दर्शक यंत्र बनवले आणि 1965 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. लूपचा आकार पाहून दगडातील कणांची जात ओळखता येऊ लागली.

गणिती प्रतिमान आले 1980 च्या दशकात. जाइल्स आणि अ‍ॅथर्टन यांनी हिस्टेरेसिसचे समीकरण मांडले; 1987 मध्ये सॅब्लिक आणि सहकाऱ्यांनी त्यात यांत्रिक ताण घातला. ताण हे जणू एक जादा चुंबकीय क्षेत्रच, असे त्यांनी धरले. तरी एक कोडे राहिले. ओढा किंवा दाबा, काही वेळा चुंबकत्व एकाच दिशेने सरकते! 1995 मध्ये जाइल्स यांनी त्याचा उलगडा केला. पदार्थातील दोषांत अडकलेल्या चुंबकीय क्षेत्रकांच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेल्या सूक्ष्म भागांच्या, भिंती ताणाने मोकळ्या होतात आणि चुंबकत्व आपल्या समतोल वक्राकडे सरकते. हे सरकणे ताणाच्या ऊर्जेवर ठरते. ऊर्जेत ताणाचा वर्ग येतो, त्यामुळे चिन्ह गळून पडते. या कोड्याची इतकी सोपी उकल निघावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

खडकांकडे वळायचे तर 1964 मध्ये फ्रँक स्टेसी यांनी भूकंपापूर्वीच्या ताणाने स्थानिक चुंबकीय क्षेत्र किती बदलेल, याचे गणित मांडले. दाबाच्या दिशेने दगडाची चुंबकग्राहिता घटते, आडव्या दिशेने वाढते, हे प्रयोगशाळेत सिद्ध आहे. पण वरची समीकरणे एकजिनसी पोलादावर घासून तयार झाली. बसाल्टमध्ये कण नाना आकारांचे, भेगा आणि पोकळ्या वेगळ्याच. पोलादाचे आकडे इथे जसेच्या तसे लावले तर क्षेत्रातला बदल वाचताना फसगत ठरलेली.

म्हणून माझा आग्रह आहे: गुलबर्गा विद्यापीठ आणि कडगंचीचे केंद्रीय विद्यापीठ यांनी सीमाभागातल्या बसाल्टचे नमुने दाबयंत्रात धरून त्यांचे लूप मोजावेत. भूकंपाच्या चुंबकीय खुणांबद्दल इथे काही ठामपणे बोलायचे असेल, तर आधी हे आकडे हाती हवेत.