फार्म-डीसाठी शिफारसपत्र कुणाकडून घ्यावं? प्राचार्यांकडून की प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमकडून?

महाराष्ट्रात बी.फार्मसीला प्रवेश घ्यायचा तर सीईटीचे गुण आणि कॅपच्या फेऱ्या यावर काम भागतं. शिफारसपत्र कुणी मागत नाही. अमेरिकेत मात्र फार्मासिस्ट होण्यासाठी लागणाऱ्या 'डॉक्टर ऑफ फार्मसी' म्हणजेच फार्म-डी अभ्यासक्रमाच्या अर्जात ही पत्रं महत्त्वाची असतात.

भारतातल्या बी.फार्म पदवीधरांचाही याच्याशी संबंध येतो. परदेशी फार्मसी पदवीधरांसाठी अमेरिकेत एफपीजीईसी नावाचं प्रमाणपत्र असतं. १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना त्यासाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. आपलं बी.फार्म चार वर्षांचं. त्यामुळे तिथे फार्मासिस्ट व्हायचं असेल तर अनेकजण फार्म-डीचा मार्ग धरतात.

पत्रांना इतकं महत्त्व का?

फार्म-डीच्या प्रवेशासाठी पूर्वी पीकॅट नावाची परीक्षा होती. ती जानेवारी २०२४ मध्ये कायमची बंद झाली. आता निवड समितीपुढे असतात ते कॉलेजमधले गुण, अर्जदाराचा निबंध, मुलाखत आणि शिफारसपत्रं. यातली पत्रं तेवढी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेतून अर्जदार कसा आहे ते सांगतात.

पत्र पाठवायचं कसं?

बहुतेक कॉलेजांचे अर्ज 'फार्मकॅस' या एकाच ऑनलाइन यंत्रणेतून जातात. तिथे जास्तीत जास्त चार पत्रं देता येतात. किती पत्रं हवीत आणि ती कुणाची चालतील, हे मात्र प्रत्येक कॉलेज ठरवतं. कुठे विज्ञानाच्या प्राध्यापकांचं पत्र लागतं, तर कुठे फार्मासिस्टचं. नातेवाईक आणि कुटुंबातल्या ओळखीच्यांची पत्रं अनेक कॉलेजं नाकारतात.

अर्जदाराने फक्त पत्र देणाऱ्याचं नाव आणि ईमेल भरायचा. लिंक थेट त्या व्यक्तीला जाते आणि पत्र तिनेच अपलोड करायचं असतं. 'तूच लिहून आण, मी सही करतो' ही आपल्याकडची पद्धत इथे कामाची नाही. शिवाय एकदा जमा झालेलं पत्र बदलता किंवा काढून टाकता येत नाही.

मग निवड कुणाची करायची?

अनेकांना पहिलं नाव सुचतं ते प्राचार्यांचं किंवा मोठ्या हुद्द्यावरच्या ओळखीच्या माणसाचं. चूक होते ती इथेच. पत्रासोबतच्या फॉर्ममध्ये अर्जदार किती विश्वासार्ह आहे, इतरांशी कसा वागतो, टीमसोबत कसं काम करतो, कुणी चूक दाखवली तर कसं घेतो, अशा गुणांवर मत द्यायचं असतं. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनात भेटणारे प्राचार्य यावर काय लिहिणार? 'विद्यार्थी हुशार आणि मेहनती आहे' एवढंच. असं पत्र कुणाच्याही नावावर खपून जातं.

त्याउलट, फार्मास्युटिक्सचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमनी या विद्यार्थ्याला बिघडलेली बॅच पुन्हा करताना पाहिलेलं असतं. मेडिकल किंवा हॉस्पिटल फार्मसीतल्या फार्मासिस्टने त्याला घाबरलेल्या पेशंटशी बोलताना पाहिलेलं असतं. हुद्दा लहान असला तरी त्यांच्याकडे सांगण्यासारखा प्रसंग असतो. दोन पत्रं दोन वेगळ्या बाजू दाखवणारी असतील तर अधिक चांगलं: एक अभ्यासाची, दुसरी कामाची.

विचारताना काय काळजी घ्यावी?

• 'पत्र द्याल का?' यापेक्षा 'तुम्ही मला पुरेसं ओळखता का, माझ्याबद्दल चांगलं पत्र देऊ शकाल का?' असं विचारणं बरं. उत्तरात टाळाटाळ जाणवली, तर आभार मानून दुसरं नाव शोधावं.

• किमान महिना-दीड महिना आधी सांगावं. सोबत बायोडेटा, निबंधाचा मसुदा आणि शेवटची तारीख द्यावी.

• कॉलेजच्या अधिकृत ईमेलचाच पत्ता घ्यावा आणि लिंक स्पॅममध्ये गेली नाही ना, हे विचारून घ्यावं.

• अमेरिकेच्या १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार पत्र पाहण्याचा हक्क सोडायचा की ठेवायचा, हे अर्जात विचारलं जातं. हक्क सोडणं सक्तीचं नाही. पण सोडला तर पत्र देणाऱ्याने मोकळेपणाने लिहिलं आहे, असा समितीचा विश्वास बसतो.

म्हणूनच शिफारसपत्राची तयारी अर्जाच्या वर्षी सुरू करून चालत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून प्रॅक्टिकलमध्ये प्रश्न विचारणारा, प्रोजेक्ट वेळेत देणारा विद्यार्थी शिक्षकांच्या लक्षात राहतो, आणि त्याच्याबद्दल लिहायला त्यांना शब्द शोधावे लागत नाहीत.