पंपातून रक्त चढवलं तर लाल पेशी फुटतात का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. बीड जिल्ह्यातल्या नारायणगड परिसरात एखाद्या गरोदर महिलेचं हिमोग्लोबिन फारच खाली गेलं आणि रक्त चढवायची वेळ आली, तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. तिथे रक्ताची पिशवी मशीनला जोडलेली दिसली की नातेवाईक विचारतात, 'मशीनने रक्त खराब नाही ना होणार?'

पंप कशासाठी लावतात?

तीव्र रक्तक्षयात हृदयावर आधीच ताण असतो. रक्त भराभर गेलं तर फुफ्फुसात पाणी साचून दम लागू शकतो. फार हळू गेलं तरी अडचण, कारण पिशवी सुरू केल्यापासून ४ तासांत संपवावी लागते. २८० मिलिलिटरची पिशवी असेल, तर तासाला किमान ७० मिलिलिटर रक्त जायला हवं. साध्या सलाईनच्या नळीत हात हलला तरी वेग बदलतो. पंप तो कायम ठेवतो.

मग पेशींना धोका कुठे?

लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची, पण लवचिक असते. काही पंप नळीला बाहेरून क्रमाक्रमाने दाबून रक्त पुढे ढकलतात. या दाबात काही पेशी चिरडतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम बाहेर पडतं. थोडं असेल तर शरीर ते निभावून नेतं. जास्त झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो. वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं, नवजात बाळांत तर विशेष.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत पंपागणिक फरक दिसला आहे. अनेक पंपांत पेशींचं नुकसान नगण्य असतं, काहींत ते वाढतं. म्हणून रक्तासाठी तपासलेला पंप आणि त्याचाच रक्ताचा, गाळणी असलेला सेट वापरायचा असतो. रक्त किती जुनं आहे, यानेही फरक पडतो. लाल पेशी २ ते ६ अंश तापमानात, मिश्रणानुसार ३५ ते ४२ दिवस साठवता येतात, पण दिवसागणिक त्या ताठर होतात. बारीक सुईतून जोराने ढकललेलं रक्तही फुटतं.

नातेवाईकांनी काय पाहावं?

पेशी फुटायला पंपापेक्षा साध्या चुका पुष्कळदा जास्त कारणीभूत ठरतात. रक्तपेढीतून पिशवी आणताना ती थेट बर्फावर ठेवू नका, पेशी गोठून फुटतात. गरम पाण्यात बुडवू नका. वाटेत थांबू नका. रक्ताच्या नळीतून ग्लुकोज किंवा औषध देत नाहीत. चालतं ते फक्त साधं सलाईन.

रक्त सुरू असताना थंडी वाजली, ताप आला, कंबर किंवा छाती दुखली, दम लागला किंवा लघवी लाल झाली, तर लगेच परिचारिकेला बोलवा. कारण पंप असो वा रक्तगटाची गफलत, आधी रक्त थांबवायचं असतं. पंपाचा वेग मात्र स्वतः बदलू नका.