गांठोडें आणि चिठ्ठी
अल्लीपुरास नातवाच्या संगणकावर मराठीच्या जागीं नुसते चौकोन दिसूं लागले. जन्मभर देवनागरी गिरवून घेतलेल्या मजसारख्याचा जीव कासावीस झाला! लिपीचें गांठोडें घालावयाचें आमच्याकडूनच राहिलें होतें.

ही मुक्त प्रणाली ‘डेबियन’. इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं आरंभिलेली. तिच्या ‘डेब’ गांठोड्यांत तीन वस्तु असतात: बांधणीच्या पद्धतीचा अंक, चिठ्ठी व प्रत्यक्ष जिन्नस. खरी मौज चिठ्ठींत. ‘मजबरोबर अमुक हवें’ असें तींत लिहिलेलें असतें, आणि ‘ॲप्ट’ नामक कारभारी तेंही आणवितो. (लग्नकार्यांत आमचे आप्त इतके दक्ष असते तर!) रेड हॅटची ‘आरपीएम’ गांठोडीं निराळ्या बांधणीचीं.

नातवानें ‘फॉन्ट्स-लोहित-देव’ मागविलें. पहिलें अक्षर उमटलें तें ‘श्री’.