नोंदीखाली सही कोणाची?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वसामान्यांच्या हाती आले आणि त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव होणार नाही असे क्षेत्र उरले नाही. ग्रंथालये तरी अपवाद कशी राहणार? सूची तयार करणे, जुन्या छापील पानांवरील मजकूर संगणकात उतरवणे, वाचकाच्या प्रश्नाला उत्तर देणे ही सारी कामे आता यंत्राकडे सोपवावीत, असे सुचवले जात आहे. वाचकाचा वेळ वाचवणे हा रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच नियमांपैकी चौथा नियम होय. तो वेळ यंत्राने वाचत असेल तर आमचा त्याला मुळीच विरोध नाही. मात्र यंत्राने केलेल्या नोंदीची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून ते ग्रंथालयात आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मे २०२५ मध्ये शिकागोच्या ‘सन-टाइम्स’ या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचावयाच्या पंधरा पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती! इझाबेल अलेंदे यांच्यासारख्या हयात लेखकांच्या नावावर न लिहिलेल्या कादंबऱ्या कथानकासह खपवल्या गेल्या होत्या. यादी यंत्राने रचली होती आणि ती कोणी ताडून पाहिली नव्हती. हे यंत्र लबाड आहे असे नव्हे. एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, या हिशेबाने ते वाक्य जुळवते. असावे असे वाटणारे पुस्तक आणि असलेले पुस्तक यांतील भेद त्याला आपण होऊन उमगत नाही. दैनिकातील चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. ग्रंथालयाच्या सूचीत शिरलेले खोटे पुस्तक मात्र पिढ्यान्‌पिढ्या संशोधकांना चकवीत राहील.

आमच्या भूमीत हा धोका अधिक आहे, कारण येथे हरवलेल्या ग्रंथांची उणीव नाही. फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्या रोमन लिपीत छापल्या गेल्या. त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. एखाद्या विद्यार्थ्याने पहिल्या आवृत्तीतील एखादे पृष्ठ मागितले तर जाणता ग्रंथपाल ‘ते मिळणार नाही’ एवढेच सांगेल आणि हस्तलिखितांकडे बोट दाखवील. यंत्राला ‘नाही’ म्हणण्याची सवय कमी. ते पृष्ठक्रमांकासह उत्तर देऊन मोकळे होईल. ज्या भाषेतील मजकूर त्याने मुळातच थोडा पाहिला आहे, त्या भाषेबाबत त्याची कल्पनाशक्ती विशेष मोकाट सुटते, हे मराठी वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तरीही यंत्राने करण्याजोगे काम येथे उदंड आहे. १८३२ साली स्थापन झालेले आणि आज कृष्णदास शामा यांचे नाव धारण करणारे पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय घ्या. अशा ठिकाणी जपलेल्या जुन्या वृत्तपत्रांचे कागद हात लावताच तुटतात. त्यांची छायाचित्रे घेऊन यंत्राकरवी मजकूर वाचून घेतला, तर एका नावाचा शोध घेण्यास लागणारे महिने मिनिटांवर येतील. पण झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होते. ‘१’ आणि ‘९’ एकमेकांच्या जागी बसले की १९११ चे १९१९ होते. याहून सूक्ष्म अपाय निराळाच आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मराठीत ‘करणें’, ‘घरांत’ असे अनुस्वार सर्वत्र असत. आजची मराठी शिकलेले यंत्र ते चूक समजून पुसून टाकण्याचा संभव असतो, आणि सफाईदार पानाकडे पाहून कोणाला शंकाही येत नाही. म्हणून मूळ पानाचे छायाचित्र मजकुराशेजारी कायम राहिले पाहिजे आणि मजकूर यंत्राने वाचलेला आहे, माणसाने तपासलेला नाही, असे तेथेच लिहिले पाहिजे.

फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘अनिफ’ नावाची प्रणाली तयार करून सर्वांना मुक्तपणे वापरण्यास दिली आहे. ती ग्रंथाला कोणत्या विषयसंज्ञा लावाव्यात हे सुचवते. ग्रंथपाल त्यांतील योग्य त्या ठेवतो, बाकीच्या खोडतो. अशा प्रणालीला शिकवण्यासाठी मुळात माणसांनी काळजीपूर्वक केलेल्या नोंदींचा मोठा साठा लागतो, ही गोष्ट ग्रंथपालांची पदे अनावश्यक ठरवू पाहणाऱ्यांनी विसरू नये.

याउलट अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या मेसन सिटी येथील शालेय प्रशासनाने २०२३ साली काय केले पाहा. नव्या कायद्यानुसार लैंगिक वर्णने असलेली पुस्तके शाळांच्या ग्रंथालयांतून काढावयाची होती. सर्व पुस्तके वाचण्यास सवड नाही, म्हणून चॅटजीपीटीलाच विचारण्यात आले आणि एकोणीस पुस्तके काढण्याचे ठरले. त्यांत टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ होती. कायदा चांगला की वाईट हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. पण पुस्तक न वाचता ते कपाटातून हलवण्याचा अधिकार कोणालाच असता कामा नये, मग तो अधिकारी असो की यंत्र.

वाचकाच्या खाजगीपणाचाही प्रश्न आहे. कोणी कोणते पुस्तक नेले हे ग्रंथपालाला ठाऊक असते आणि तो ते बाहेर बोलत नाही. एखाद्या तरुणीने कायद्याविषयी किंवा आजाराविषयी काय वाचले, याची माहिती परदेशी कंपनीच्या संगणकात साठवली जाणार असेल तर वाचक कपाटाकडे फिरकणारच नाही. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. ग्रंथालयांनी करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा.

राज्य शासनाने या कामासाठी निविदा काढण्याची घाई करू नये, असे आम्ही सुचवतो. प्रथम एखाद्या जुन्या गोमंतकीय वृत्तपत्राचा एका वर्षाचा खंड घ्यावा, यंत्राकडून तो वाचून घ्यावा, प्रशिक्षित ग्रंथपालांकडून ओळ न्‌ ओळ तपासून घ्यावा आणि दर शंभर ओळींमागे किती चुका निघाल्या तो आकडा जाहीर करावा. तपासणाऱ्याचे नाव प्रत्येक पानाखाली असावे. तपासण्यास माणसेच अपुरी पडली, तर अंदाजपत्रकातील पहिली तरतूद त्यांच्या नेमणुकांसाठी करावी; यंत्राची खरेदी त्यानंतर.