वीजतंत्री ते राष्ट्राध्यक्ष : लेक वालेसा

पोलंडमधलं ग्दान्स्क. १९६७ साली एक खेडवळ तरुण तिथल्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात वीजतंत्री म्हणून लागला. १९७६ मध्ये कामगारांच्या बाजूने बोलल्यामुळे त्याची नोकरी गेली.

१४ ऑगस्ट १९८० ला तिथे संप पेटला. क्रेन चालवणाऱ्या ॲना वालेंतिनोविच यांना निवृत्तीला जेमतेम पाच महिने उरले असताना काढून टाकलं होतं. हे त्याचं तात्कालिक कारण. बाहेर असलेले वालेसा भिंत चढून आत शिरले, असं ते स्वतः सांगतात. दोनच दिवसांत व्यवस्थापन नमलं आणि संप मिटल्यात जमा होता. पण पाठिंब्यासाठी संपावर उतरलेल्या बाकीच्या छोट्या कारखान्यांचं काय? काही जिगरबाज बायकांनी घरी निघालेल्या कामगारांना अडवलं आणि संप पुन्हा उभा राहिला. (या बायकांची नावं फारशी घेतली जात नाहीत, याची खंत वाटते.) एकवीस मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून फाटकाशी टांगल्या गेल्या. ३१ ऑगस्टला करार झाला. वालेसांनी सही केली ती पोपचं चित्र असलेल्या भल्या मोठ्या पेनने!

त्यातूनच 'सॉलिडॅरिटी' ही संघटना जन्मली. सभासद झाले सुमारे एक कोटी. पुढे देशात लष्करी कायदा आला, वालेसांना नजरकैद झाली. त्यांना मिळालेलं १९८३ चं शांततेचं नोबेल घ्यायला पत्नी दानुता गेल्या, कारण देशाबाहेर पडलं तर परत येऊ देतील याची वालेसांना खात्री नव्हती.

मग कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि १९९० मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. राज्यकारभार मात्र त्यांना लढ्याइतका जमला नाही. १९९५ ला ते हरले, २००० मध्ये तर जेमतेम एक टक्का मतं पडली.

आंद्रेई वायदा यांनी २०१३ मध्ये त्यांच्यावर चित्रपट केलाय. मिळाला तर नक्की बघा.