यंत्राची नाडी

पेडण्याच्या चांदेल जलशुद्धीकरण केंद्रातून नळाला येणारे पाणी असो वा डिचोलीच्या लोहखनिजाचे धुणे असो, दोहोंचा भार अखंड फिरणाऱ्या पंपांवर असतो. आणि वैद्य जसा नाडीवरून व्याधी ओळखतो, तसा कुशल तंत्रज्ञ कंपनांवरून त्यांच्या बिघाडाचे निदान करतो. मिनिटाला १५०० फेरे घेणारा दांडा सेकंदाला २५ वेळा फिरतो. याच वारंवारतेचे कंपन वाढले, तर बहुधा फिरत्या भागाचा तोल ढळलेला असतो, दुप्पट वारंवारतेचे वाढले, तर मोटर व पंप यांचे दांडे एका रेषेत नसल्याचा संशय घ्यावा, आणि बेअरिंगमधील सूक्ष्म भेग बहुधा याहून उच्च वारंवारतांत प्रकट होते. यास्तव कंपनांच्या नियमित नोंदीचे दफ्तर प्रत्येक पंपघरात असावे, हे अगत्याचे आहे.